टिटवीला पैकीच्या पैकी

सर चिखलातल्या पक्ष्यांचे फोटो काढत, आणि चिखलात पाय घालत नसत. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसायचा ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला मला सोपं जाईल. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही करण्यापलीकडे लेखणी धरलेली नाही. त्यामुळे सुरुवात कुठून करावी, हे विचारायलाही घरात कोणी नाही.

मेळ असा बसायचा, की चिखलात आम्ही पाय घालायचो.

सर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत. जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या गावचा तलाव आहे. कॉलेज तालुक्याच्या गावी नवीनच निघालेलं. तिथून तलाव एसटीने जाऊन-येऊन दिवसभराचा. पाणी उतरायला लागलं की तलावाच्या काठानं लांब पायांचे पक्षी येतात: बगळे, करकोचे, चमच्यासारख्या चोचीचे ते पांढरे, आणि शेकाट्या. सरांना हे सगळे कॅमेऱ्यात हवे असत, पण पांढऱ्या पॅन्टला डाग न पडता.

एकदा त्यांनी वर्गातलं एक बाक बरोबर घ्यायला लावलं. एसटीच्या टपावर आम्ही ते चढवलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काऊन बे, बसाची जागा घरूनच आनता काय? याचं तिकीट कोन काढन?" सर पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत राहिले. बाक आमचं होतं, त्यांचं नव्हतं.

तलावावर आम्ही ते बाक गुडघाभर चिखलातून आत नेलं. मग दोघांनी हाताची पालखी केली आणि सरांना नेऊन त्यावर बसवलं. डोक्यावर हॅट, मांडीवर कॅमेरा, पाय बाकाच्या आडव्या फळीवर. सर इतके स्तब्ध बसले, की खरोखरच शेकाट्यांची एक रांग त्यांच्यासमोर उतरली. आम्हाला काठावरून वाटलं, काय ही एकाग्रता! खरं म्हणजे बाक एका बाजूनं खाली जात होतं आणि सर भीतीनं हलत नव्हते.

कॅमेरा वाजला. लगेच सर ओरडले, "ओढा! अरे गाढवांनो, ओढा मला!"

आम्ही ओढलं. बूट कोरडे निघाले. बाक मात्र निघालं नाही. ते अजून तिथंच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याची पाठ वर येते आणि खंड्या तिच्यावर बसून मासे पाहतो. त्या वर्षी वर्गात आम्ही मागचे पाच जण चौघांच्या बाकावर बसलो.

तो फोटो मात्र आला. पाणी उताराला लागल्यासारखं तिरपं, आणि त्या तिरप्या पाण्यावर काडीसारख्या पायांचे पक्षी, प्रत्येकाचा पाय खालच्या सावलीच्या पायाला जोडलेला. सरांनी तो "क्षितिज वाकडं" म्हणून टोपलीत फेकला. मी उचलून घेतला. त्यांच्या सगळ्या फोटोंत मला तेवढाच खरा वाटतो. पण मला फोटोंतलं काही कळत नाही, असं तेच म्हणायचे.

सर कोकणातले, खाडीकाठी वाढलेले. हजेरी घेण्याआधी ते कधीकधी विचारत, "समुद्र पाहिलाय का कुणी?"

कोणीच पाहिला नव्हता. एकदा एक जण धीर करून म्हणाला, "समुद्र नाई पाह्यला सर. पन शेगावले जातानी पूर्णेले पूर पाह्यला. पलीकडचा काठ दिसत नोता."

सर छताकडे पाहून हसले. "पूर! यांचा समुद्र एसटीनं ओलांडता येतो!" मग पुढचा पाव तास त्यांच्या खाडीवर गेला. तिथं ओहोटी लागली की म्हणे मैलभर ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यावर हजारो पक्षी असतात. आमचा तलाव म्हणजे डबकं. तरी त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर जेवढे फोटो होते तेवढे सगळे डबक्याचे होते. खाडीचा एकही नव्हता. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण विचारायची माझी काय प्राज्ञा?

आमच्या बोलण्याचंही त्यांना फार दुःख होई. पहिल्या वर्षी मी उभा राहून म्हणालो होतो, "सर, टिटोई आमच्या वावराकडं लय हायेत."

"टिटवी," सर म्हणाले. "पुष्कळ आहेत. शेताकडे. ज्याला पक्ष्याचं नाव धड घेता येत नाही, त्यानं पक्ष्याकडे बघू नये."

मी खाली बसलो. त्यानंतर बरेच दिवस शेताकडे टिटवी ओरडली की मी मान फिरवत असे. इतका मी साधा होतो.

त्यांची सगळ्यात मोठी सवय म्हणजे ते पक्ष्यांना मार्क देत. कॅमेऱ्याचा रोल मिळायची मारामार. परदेशी माल बंद झालेला, कुठूनतरी मुंबईहून ओळखीनं एखादा यायचा. त्यामुळे एक फोटो वाया गेला की सरांना पक्ष्याचा संताप येई. ते लपून बसत त्या गोणपाटाच्या खोपटीतून त्यांचा आवाज ऐकू यायचा: "मूर्ख! मान वर कर. अरे उजेड इकडे आहे, तू तिकडे काय बघतोस?" बगळा उडाला की सर बाहेर येऊन जाहीर करायचे, "तीस. नापास." करकोच्याला एकदा पस्तीस मिळाले होते, ते कॅमेऱ्याच्या आवाजाला न बिचकता उभा राहिला म्हणून. नंतर कळलं, की त्याचा एक पाय जाळ्याच्या दोऱ्यात अडकला होता. आम्ही तो सोडवायला गेलो तर सर म्हणाले, "थांबा, अजून एक घेतो."

जिवंत पक्ष्यांवर त्यांचा असा राग असल्यामुळे प्रयोगशाळेतल्या कपाटातल्या पक्ष्यांवर त्यांचा फार जीव होता. त्या कपाटात पेंढा भरलेले पक्षी होते: घार, पोपट, घुबड आणि एक टिटवी. त्यांची धूळ झटकायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून कपाटाची एक किल्ली माझ्याकडेही असे. टिटवीचा उजवा पाय मोडला होता. शिपायानं त्याला तांब्याच्या तारेचे वेढे घालून तो सरळ केला होता. डोळ्यांपुढचं लाल कातडं उडालेलं, तिथं सरांनी स्वतः लाल शाई लावली होती. दौऱ्यावरून परत आले की ते त्या टिटवीकडे बघून म्हणत, "हिच्याकडून शिका. कशी बसते!"

आता मला टिटवीचंच सांगायचं आहे.

आमच्या गावात एक रीत आहे. मृग लागायच्या आधी गावातला एक जाणता माणूस टिटवीची अंडी बघायला जातो. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करते आणि मधे अंडी घालते. ती अंडी तलावाच्या पोटात, खाली सापडली तर पाऊस ओढ देणार. वर बांधावर सापडली तर पाऊस लवकर आणि भरपूर. टिटवीला पाणी कुठवर चढणार हे आधी कळतं, असं लोक मानतात. अंडी वर असली की लोक पाऊस पडायची वाट न बघता कोरड्या मातीतच सरकी टाकतात. तिला धूळपेर म्हणतात. मग पाऊस वेळेवर आला तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सगळ्यांच्या पुढे जाते. नाही आला तर सरकी मुंग्या नेतात, उरलेली तापून मरते.

मी शास्त्राचा विद्यार्थी. टिटवीला पावसाचं काही कळत असेल, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आताही वाटत नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सर एकाएकी आमच्या गावी आले. बरोबर कॅमेरा आणि एक पत्र्याची पेटी. मुंबईला कसलीशी फोटोंची स्पर्धा होती, विषय होता घरट्यावरचा पक्षी. अट अशी, की पक्षी आणि घरटं जसं सापडलं तसंच असलं पाहिजे. उन्हाळ्यात घरट्यावर सापडेल असा पक्षी आमच्याकडे एकच. सर शाळेच्या खोलीत उतरले आणि मला बोलावणं आलं. "तुझी ती टिटोई," ते म्हणाले. माझा शब्द त्यांनी दोन वर्षं जपून ठेवला होता!

मी त्यांना घरटं दाखवलं. त्या वर्षी अंडी अगदी खाली होती, तलावाच्या पोटात, भेगाळलेल्या गाळावर. अंड्यांचा रंगही तसाच मातकट, काळे ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. नर-मादी डोक्यावर फिरून ओरडत होते. ऊन चढलं की मादी उरलेल्या पाण्याकडे पळत जाई, पोटाची पिसं भिजवून येई आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसे. अंडी उन्हानं शिजू नयेत म्हणून. हे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. मला वाटलं, सर हे बघून काहीतरी बोलतील.

सर म्हणाले, "मागे नुसता चिखल आहे. पार्श्वभूमीच नाही."

मग ते बांधाकडे बघत राहिले. बांधाच्या खांद्यावरून खालचं पाणी चमकत होतं. सरांनी खिशातून रुमाल काढला, मला अंडी उचलायला सांगितली. मी म्हणालो, "सर, नको." तेव्हा ते स्वतः आले. मी पाहत होतो, गाळ वाळून कडक झालेला होता म्हणूनच आले. चारही अंडी रुमालात घेऊन त्यांनी ती बांधावर नेली, खडे गोल मांडले, अंडी आत ठेवली, आणि मागे जाऊन मान वाकडी करून बघितलं. जेवणाचं ताट वाढून झाल्यावर बघतात तसं.

मी धीर करून म्हणालो, "सर, गावचे लोक अंडी बघून पेरणी करतात. ती वर दिसली तर..."

"तर काय?"

"तर ते कोरड्यात पेरतील."

"तू सायन्सला आहेस ना? ही अंधश्रद्धा आहे की नाही?"

"आहे सर."

"मग अंडी खाली असली काय आणि वर असली काय, पावसाला काय फरक पडतो?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. पावसाला फरक पडत नव्हता, हे खरंच होतं. फरक माणसांना पडणार होता. पण हे वाक्य मला तिसऱ्या दिवशी सुचलं. माझी वाक्यं अशीच उशिरा येतात.

सरांनी मला गावात पाठवून दिलं, "तू हलतोस, पक्षी येत नाही" म्हणून. मी खालून वळून पाहिलं. मादी आली होती. पण बांधावर नाही. ती तलावाच्या पोटात, जुन्या जागी उतरली. पोट भिजवलेलं होतं. त्या रिकाम्या खळग्यावर ती बसली, उठली, फिरली आणि पुन्हा बसली.

ऊन कलल्यावर, सर खोलीवर गेले असतील असं धरून मी अंडी परत खाली ठेवायला गेलो. पण बांधावर माझ्याआधी महादू आबाजी उभे होते. अंडी बघायचा मान गावात त्यांचाच. पागोटं काढून, हात जोडून ते उभे होते.

"पाह्यलं काय रे पोट्ट्या?" ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "वर हायेत. लय वर्सानं इतले वर पाह्यले म्या."

मी म्हणालो, "आबाजी, हे खालून..."

पण ते गावाकडे चालू लागले होते.

पारावर तेव्हा लोक जमलेच होते. मी पोचलो तोवर सगळ्यांना कळलं होतं. कोणी तिफण काढायचं बोलत होता, कोणी सरकीला शेण चोळायचं. माझे काका सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते. बाबा पाराच्या कडेला बसले होते. बाबांजवळ सरकी एकाच पेरणीपुरती होती, घरची, मायनं एकेक दाणा निवडलेली. ती मातीत मेली असती तर त्या वर्षी आमच्या वावरात पऱ्हाटी झाली नसती. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी उभा राहिलो. चार माणसांत बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

"अंडे सरायनं उचलून वर ठेवले," मी म्हणालो. "टिटोईनं नाई घातले. म्या डोळ्यानं पाह्यलं."

मग काका हसले. "प्रोफेसर मानूस अंडे काऊन उचलन बे? त्याले का कोंबडी पाळाची हाय?"

सगळा पार हसला.

"फोटोसाठी," मी म्हणालो.

"बलाव मंग सरायले," आबाजी म्हणाले. "विचारून टाकू. याचा गुरूच हाय तो."

सरांना बोलावलं. त्यांना बसायला खुर्ची आली, चहा आला. आबाजींनी हात जोडूनच विचारलं, "सर, वाईट मानू नका. पोट्टं म्हनून राह्यलं, का अंडे तुम्ही हालवले. तुम्ही सांगा, हालवले काय?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, क्षणभर तेही अडखळले असतील. पण स्पर्धेची अट होती, आणि पारावर अख्खं गाव साक्षीला होतं.

"मी फोटो काढतो," सर म्हणाले. "निसर्गाला मी हात लावत नाही. तो माझा नियम आहे." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मुलगा हुशार आहे. पण निरीक्षण कच्चं आहे."

विषय संपला. काका मला म्हणाले, "चाल बे, कच्च्या!" त्या दिवसापासून गावात माझं नाव कच्च्या पडलं, ते आजतागायत आहे.

घरी बाबांनी मला ओट्यावर बसवलं. माय दारात उभी.

"खरं सांग," बाबा म्हणाले.

"खरंच सांगतो बाबा. अंडे खाली होते. गाळात."

"अन् सर खोटं बोलते?"

"हाव."

बाबा बराच वेळ विडीशी खेळत बसले. शेवटी म्हणाले, "मंग नाई पेरत."

माय म्हणाली, "अख्खं गाव पेरून राह्यलं अन् आपूनच..."

"पोरानं पाह्यलं नं डोळ्यानं? मंग?"

मला तेव्हा बाबांना सांगायचं होतं, की बाबा, अंडी खाली होती म्हणूनही पाऊस ओढ देईल असं नाही. टिटवीला काहीच कळत नाही. पेरायचं की नाही ते तुम्ही तुमचं बघा. हे मी सांगितलंही. बाबा म्हणाले, "तुले पावसाचं नाई कळत. मले टिटोईचं कळते. तू फक्त अंडे कुठी होते ते सांग." मी पुन्हा सांगितलं, खाली. एवढंच माझ्याजवळ खरं होतं.

गावानं धूळपेर केली. आमचं वावर तेवढं रिकामं राहिलं.

आणि पाऊस आला. मृग लागतो न लागतो तोच आला. तोही असातसा नाही, सातपुडा दिसेनासा झाला. गावची सरकी वर आली. बाबांनी तिफण काढली, पण झड थांबेना. आमची काळी जमीन, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. जमीन पेरण्याइतकी वाळेना, वापसा होईना आणि तिफण चालेना. बाबा रोज सकाळी वावराच्या कडेच्या धुऱ्यावर जाऊन एक पाय आत टाकून बघायचे आणि चिखल पुसत परत यायचे. अखेर आमची पेरणी झाली तेव्हा गावच्या पऱ्हाटीला चार-चार पानं होती.

काका धुऱ्यावरून ओरडायचे, "कॉलेजात धाडलं म्हने पोराले! पेरनी चुकाले शिकला तो!" बाबा उत्तर देत नसत. मलाही काही म्हणत नसत. ते काही म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

गावानं पोळा झाल्यावर सरांचा सत्कार केला. अंडी बघायला एवढा मोठा माणूस आला आणि पाऊस आला, यात लोकांना काहीतरी संबंध दिसत होता. चिखल फार म्हणून सरांना फाट्यापासून बैलगाडीतून आणलं. पारापाशी उतरायला पाट ठेवला. नारळ, टोपी, हार झाला. सर भाषणात म्हणाले, "आपल्या पूर्वजांच्या निरीक्षणात केवढं विज्ञान दडलेलं आहे! आम्हा शिकलेल्यांना वाटतं ही अंधश्रद्धा. पण मी तुमच्याकडून शिकलो." महादू आबाजी रडले. मी मागे उभा होतो. मला वाटलं, सर एकदा माझ्याकडे बघतील, निदान एकदा. त्यांनी बघितलं नाही. टोपी सरळ करत ते त्याच पाटावरून गाडीत चढले. बुटाला ठिपका नाही.

त्या चार अंड्यांचं काय झालं, हे गावात कोणी विचारलं नाही. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो, तोवर ती उन्हानं शिजली होती. मुंग्या लागल्या होत्या.

दिवाळीनंतर स्पर्धेचा निकाल आला. सरांना बक्षीस मिळालं. फोटो मोठा करून, चौकट घालून कॉलेजच्या दाराशीच लावला. खाली अक्षरं, 'टिटवी, आपल्या घरट्यावर'. वर्गात तो दाखवताना सर म्हणाले, "आयुष्यात मी एकाच पक्ष्याला पैकीच्या पैकी दिले. ही टिटवी. पूर्ण वेळ हलली नाही!"

मी फोटोजवळ जाऊन पाहिलं. मागे पाणी चमकत होतं. पुढे चार अंडी, आणि त्यांच्यामागे टिटवी, मान ताठ. तिच्या उजव्या पायावर बारीक, काळसर वेढे होते. परीक्षकांना ते गवत वाटलं असेल.

मी कोणाला काही बोललो नाही. माझं निरीक्षण कच्चं आहे, हे गावाच्या साक्षीनं ठरलेलं होतं.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी बाबा कॉलेजात आले. वांगी विकून झाली होती, आणि मायनं माझ्यासाठी ठेचा-भाकरी दिली होती. ते कधी कॉलेजच्या आत आले नव्हते. चपला हातात घेऊन दाराशी उभे होते. मी धावत गेलो तेव्हा ते त्या चौकटीसमोर होते.

त्यांना खालची अक्षरं वाचता येत नव्हती. फोटो वाचता येत होता. तलाव त्यांचा, बांध त्यांचा.

"हा तं आपलाच बांध हाय," ते हळू म्हणाले.

"हाव."

"टिटोई वरच बसेल हाय रे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पेरणी हुकली, गाव हसलं, काका रोज ओरडले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"अंड्यांवर बसेल हाय," ते पुन्हा म्हणाले. "मानसानं उचलून ठेवल्यावर टिटोई बसन काय? तू तं म्हन्ला होता..."

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना प्रयोगशाळेत नेलं. आत कोणी नव्हतं. मी किल्लीनं कपाट उघडलं आणि टिटवी काढून त्यांच्या हातात दिली.

बाबा दचकले. मग त्यांनी ती उजेडात धरली. तारेच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं. तिच्या नखांमध्ये वाळलेली काळी माती अडकली होती. सरांच्या बुटांना कधीच न लागलेली आमच्या बांधाची माती. उन्हाळ्यानंतर ते कपाट मी कितीदा झटकलं असेल, पण तिच्या पायांकडे बघायचं मला सुचलं नव्हतं. बाबांनी नखानं थोडी माती काढली, बोटांत चुरून पाहिली आणि मान हलवली.

"मेलेली," ते म्हणाले.

"लय वर्साची."

त्यांनी टिटवी तळहातावर उचलून धरली, बाजारात वजनाचा अंदाज घेतात तशी. "हलकी हाय. पोटात काय भरते हिच्या? पेंढा?"

"नुसतं म्हनाचं पेंढा, बाबा. आत कापूस असते."

बाबा हसले. पेरणीनंतर ते पहिल्यांदाच हसले.

"मंग सरायची कापूस-वेचनी आपल्याआधीच झाली म्हन की," ते म्हणाले, आणि टिटवी माझ्या हातात परत दिली.